सुईचे साहचर्य

माणसांच्या एकत्र येण्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार असतात. एकात काम मोठे असते, एकट्याच्या हातून ते उरकत नाही, म्हणून माणसे जमतात. दुसऱ्यात काम एकट्याने सहज होण्याजोगे असते आणि तरीही माणसे जमतात. पहिल्या प्रकाराचे समर्थन कोणी मागत नाही. दुसऱ्याकडे समाज किंचित संशयाने पाहतो, आणि जमणाऱ्या स्त्रिया असल्या की हा संशय थट्टेच्या रूपाने बाहेर पडतो. अमेरिकेत गेल्या काही दशकांत रूढ झालेले, गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांचे काही दिवसांपुरते सामूहिक निवास हा या दुसऱ्या प्रकाराचा एक नमुना आहे. विषय वरवर क्षुल्लक वाटेल. पण साहचर्याचे मूल्य कशात असते, हा जुना नैतिक प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

या निवासांचे स्वरूप साधे असते. तीन-चार दिवसांसाठी दहा-वीस जणी घर सोडून तळ्याकाठच्या एखाद्या विश्रामगृहात किंवा चर्चच्या शिबिरगृहात जातात. प्रत्येकीजवळ तिचे शिवणयंत्र, तिचे कापड, तिच्या कात्र्या. लांब मेजांवर यंत्रे मांडली जातात. भिंतीवर फ्लॅनेल ताणून बसवलेले असते; त्यावर कापडाचे तुकडे टाचणीवाचून चिकटून राहतात आणि मांडणी दुरून पाहता येते. जेवण बहुधा आयते मिळते. रात्री दोनपर्यंत यंत्र चालवले तरी कोणी हटकत नाही. इंग्रजीत याला ‘रिट्रीट’ म्हणतात. हा शब्द धर्मसाधनेतही रुळलेला आहे. संसारातून काही काळ मागे सरून मौनात आणि चिंतनात राहणे, असा त्याचा तेथला अर्थ. मराठीत एकांतवास म्हणावे तर येथे एकांत नाही, आणि शिबिर म्हणावे तर शिकणे-शिकवणे हा येथला मुख्य हेतू नव्हे. शब्दाची ही अडचण भाषेपुरती नाही. ही गोष्ट नेमकी कशासाठी असते, ते सहज सांगता येत नाही, त्याचीच ती खूण आहे.

अमेरिकन गोधडीचे तीन थर असतात: तुकडे जोडून केलेला वरचा दर्शनी थर, मध्ये कापूस आणि खाली अस्तर. जुन्या काळी दर्शनी थर बाई घरी, एकटीच, सवडीने जोडत असे. तीन थर एकत्र शिवण्याची वेळ आली की मोठी लाकडी चौकट मांडली जाई आणि शेजारणींना बोलावणे जाई. चौकटीच्या चारी बाजूंनी आठ-दहा जणी बसत, दिवसभर टाके घालत, आणि यजमानीण त्यांना जेवू घाली. पुढच्या महिन्यात चौकट दुसरीच्या घरी. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. एका शेतकऱ्याच्या रानात गावाने आपापले बैल जुंपावेत, दिवसात नांगरट उरकावी, संध्याकाळी त्याने सर्वांना जेवण द्यावे, या रीतीला आपल्याकडे इर्जिक म्हणत. चौकटीभोवतीचा तो मेळा म्हणजे सुईची इर्जिकच होती. इर्जिकीत प्रेम असते तसे देणेही असते: आज तू माझ्याकडे आलीस, उद्या मला तुझ्याकडे आलेच पाहिजे.

आजच्या निवासात ही व्यवस्था नेमकी उलटी झाली आहे. जे काम पूर्वी एकटीने होई, ते तुकडे जोडण्याचे काम, आता मेळ्यात होते. आणि ज्यासाठी मेळा जमे, ते थर एकत्र शिवण्याचे काम, पुष्कळ जणी लांब भुजेच्या मोठ्या यंत्रावर पैसे देऊन करवून घेतात. समान चौकट उरली नाही. एका खोलीत वीस गोधड्या आणि वीस मालकिणी. कापडही बहुधा जुनेर नसते. महाराष्ट्रातली गोधडी किंवा वाकळ विरलेल्या लुगड्यांची आणि धोतरांची. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी, या सर्वांचे मूळ जीर्ण वस्त्राला दुसरा जन्म देण्यात आहे. नवे कापड विकत घ्यावे, त्याचे तुकडे करावेत आणि ते पुन्हा जोडत बसावे, हा उद्योग अशा परंपरेतल्या बाईला चमत्कारिक वाटला तर तिला दोष देता येणार नाही. गरज संपल्यावर कामाचे फक्त अनुकरण उरले आहे काय, असा प्रश्न ती विचारू शकेल.

प्रश्नाला धार आहे, कारण गरज संपली की तिच्याबरोबर जन्मलेली कला सहसा टिकत नाही. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण समोर आहे. एका खुंट्याला दोन हात, समोरासमोर बसलेल्या दोघी आणि पहाटेचा काळोख यांतून ती कविता निघे. गावोगाव पिठाची गिरणी आली, बाईच्या खांद्याचे कष्ट वाचले, आणि ओवीचा पायाच निघून गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह लाखावर ओव्या संकलित केल्या त्या याच सुमारास, जाती थांबत चालली असताना. केवळ ओव्या गाण्यासाठी चार दिवस घर सोडून जाते मांडण्याची प्रथा काही रुजली नाही. (कष्टांबद्दल हळहळण्याचा अधिकार ते कष्ट न केलेल्यांना कितपत आहे, हा प्रश्न वेगळा.) गोधडी मात्र गरज संपल्यावरही राहिली, आणि तिने आपल्याभोवती नवा मेळा जमवला. हे का घडले असावे?

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या नवव्या पुस्तकात मैत्रीचा विचार करताना एक मार्मिक भेद केला आहे. माणसांच्या बाबतीत सहजीवन म्हणजे बोलण्यात आणि विचारात वाटेकरी होणे. एका कुरणात चरणाऱ्या गुरांचे एकत्र असणे ते नव्हे, असे तो म्हणतो. निवासावरचा खरा आक्षेप या वाक्यातून उभा राहतो. आपापल्या यंत्राशी, आपापल्या कापडात मान घालून बसलेल्या वीस जणी हे कुरण नव्हे कशावरून? पण त्याच प्रकरणात ॲरिस्टॉटल आणखी एक गोष्ट सांगतो. आपण पाहतो आहोत, करतो आहोत, याची जाणीव सुखद असते. आणि मित्राच्या असण्याची, पाहण्याची तशीच जाणीव मित्राबरोबर होणे हे मैत्रीचे सार आहे. या सहसंवेदनेसाठी दोघांनी एकच वस्तू बनवली पाहिजे, अशी अट तो घालत नाही.

टाका वाचता येणारी माणसे थोडी असतात, आणि ती नसली की काय होते, हे सुसान ग्लास्पेल यांच्या ‘ट्रायफल्स’ या १९१६ च्या एकांकिकेइतके नेमके क्वचित कोणी दाखवले असेल. एका एकाकी शेतघरात नवऱ्याचा दोरीने गळा आवळून खून झाला आहे. बायको, मिनी राइट, कोठडीत आहे. शेरीफ आणि सरकारी वकील पुरावा शोधत घरभर फिरतात. त्यांच्यासोबत आलेल्या दोघी, मिसेस हेल आणि मिसेस पीटर्स, स्वयंपाकघरात थांबतात. त्यांच्या हाती मिनीची अर्धवट गोधडी लागते. मिनी ही टाक्यांनी शिवणार होती की गाठी मारून धरणार होती, असे त्या एकमेकींना विचारतात आणि पुरुष हसतात. हसून झाल्यावर ते बाहेर कोठाराकडे जातात, आणि खरा तपास येथे स्वयंपाकघरातच होतो. एक तुकडा सोडून बाकी सर्व शिवण सुबक आहे; त्या एका तुकड्यात टाके सैरभैर झाले आहेत. हात कोणत्या क्षणी थरथरला, ते या दोघींना दिसते. मग मान मुरगळलेला पाखराचा देह सापडतो, आणि एका संसाराची सगळी हकिगत त्यांना कळून चुकते. मिसेस हेल ते वेडेवाकडे टाके उसवते आणि नीट घालू लागते.

हा उसवण्याचा क्षण नैतिकदृष्ट्या फार गुंतागुंतीचा आहे. तो पुरावा नष्ट करणे आहे, आणि त्याच वेळी एका शेजारणीला उशिरा दिलेली सोबतही. मिसेस हेलला अपराधी वाटते ते कायदा मोडल्याबद्दल नव्हे. आपण इतकी वर्षे मिनीकडे गेलो नाही, हाच गुन्हा होता आणि त्याची शिक्षा कोण देणार, या विचाराने ती कासावीस होते. मिनीच्या गोधडीभोवती कधी चौकट मांडली गेली असती, तिचा टाका बिघडला त्याच दिवशी कोणी तो पाहिला असता, तर? एकांकिका हा प्रश्न उच्चारत नाही; पण शेजारणींचे न जाणे हाच तिचा गाभा आहे, आणि खुनाची गोष्ट त्याच्याभोवती रचलेली आहे.

निवासातल्या फ्लॅनेलच्या भिंतीचा अर्थ येथे लागतो. तुकडे तिच्यावर चिकटतात, आणि पाठीमागून जाणारी एखादी थांबते, म्हणते की हा निळा जरा खाली सरकव. दुसरी चुकलेली शिवण उसवायला हात पुढे करते. घरात या कामाकडे ‘छान झालंय’ म्हणून पाहिले जाते, म्हणजे पाहिलेच जात नाही. प्रशंसा आणि वाचन यांत अंतर असते, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. येथे काम वाचले जाते. गुरांच्या कुरणात असे काही घडत नाही.

आपल्याकडेही आपापले साधन घेऊन एकत्र बसण्याला मान होता. गांधीजींच्या आश्रमांत सामुदायिक कताईला प्रार्थनेच्या जोडीने स्थान होते, आणि तिला सूत्रयज्ञ म्हणत. चरखा ज्याचा त्याचा, सूतही ज्याचे त्याचे. तरी ते बसणे सामूहिक होते. मात्र त्या सुताचे दुसरे टोक देशाच्या दारिद्र्याशी बांधलेले होते. निवासातल्या दोऱ्याला असे टोक नाही, आणि ही उणीव सोयीस्करपणे विसरता येत नाही. इर्जिकीतले देणे येथे नाही. चौथ्या दिवशी गाड्या निघाल्या की कोणी कोणाची बांधील नसते. आयते जेवण कोणीतरी रांधलेले असते. प्रवास, निवास आणि नवे कापड यांना पैसे लागतात, आणि मिनी राइटसारखीला तेथवर जाता आले नसते. गरजेतून मिळालेली मोकळीक ज्यांना परवडते त्यांच्यापुरतीच राहते.

पण म्हणून गरजेचे काम एकत्र बसून केले की ते आपोआप थोर ठरते, असेही नाही. अलाबामातल्या गीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या आणि तिच्या आसपासच्या स्त्रियांनी १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली. मतदानाचा हक्क बजावू पाहणाऱ्यांना घरे-शेते गमवावी लागत होती. स्वतःच्या हातचा पैसा हा तेथे जगण्याचा प्रश्न होता, आणि तो संस्थेने मिळवून दिला. नाव जुन्या चौकटीच्या मेळ्याचे, छप्पर एक, गरज खरी. पण शहरातल्या दुकानांना एकसारखा माल हवा होता. १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम आले; माप ठरलेले, टाका ठरलेला. वाचण्यासारखे त्या शिवणीत काही उरले नव्हते, कारण तिच्यात चुकण्याचीही मुभा नव्हती. गीज बेंडच्या घरांत मात्र वेगळीच रीत चालत आली होती. मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली होती, आणि त्यांची तरुण मुलगी त्या कामाला हातभार लावत होती.

सीअर्सच्या कामातून उरलेले कॉर्डुरॉयचे तुकडे बायका घरी नेत. मोहरीचा पिवळा, विटकरी, गर्द हिरवा, जो रंग हाती येई तो. रात्री, मापाची पट्टी बाजूला ठेवून, त्या आपल्या मनाच्या गोधड्या त्यांतून शिवत. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या तेव्हा त्यांत या उरलेल्या कॉर्डुरॉयच्याही होत्या.