तोंडी तक्रार आणि लेखी न्याय

अपमान झाला हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ज्याचा झाला त्याचा, की जो त्याची नोंद घेतो त्याचा? प्रश्न वरकरणी विधिशास्त्राचा वाटला, तरी मुळात तो अर्थनिर्णयनाचा आहे. म्हणूनच समीक्षेला तो टाळता येत नाही.

मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी आत्महत्या केली. त्या तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे, आणि त्याबद्दल आधीच तोंडी तक्रार केली होती, असे कुटुंबीय सांगतात. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. आपल्या विचाराचा विषय आहे तो सांगितले जाणे आणि नोंदले जाणे यांमधला अवकाश.

या प्रकरणात दोन कायदे शेजारी उभे राहिले: 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा. दोहोंत एकाच वर्तनाचे दोन अन्वयार्थ दडलेले आहेत. रॅगिंगची उतरंड फिरती असते. आजचा कनिष्ठ उद्या वरिष्ठ होतो. जातीची उतरंड फिरत नाही. म्हणून जातीय अवहेलनेला केवळ ‘रॅगिंग’ म्हणणे हे तटस्थ वर्णन नव्हे; त्या नावाने अवहेलनेतला कायमपणाच पुसला जातो.

दुसरी अडचण लेखनाची. रॅगिंगच्या कायद्यानुसार संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची, पण ती लेखी तक्रार आल्यावर. येथे गृहीत धरलेला तक्रारदार हा निर्भय, स्वतंत्र लेखक आहे. प्रत्यक्षात ज्यांच्याविरुद्ध लिहावयाचे, त्यांच्याच हाती त्याचे रोजचे काम आणि शिकणे असते. आकुर्डी-निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून चाकणच्या कारखान्यात नोकरी शोधणाऱ्या मुलालाही सही करताना हाच हिशेब करावा लागेल. मौनाला संमती मानणारा वाचक हा हिशेब वाचतच नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. प्रत्येक कटू शब्दाची नोंद होऊ लागली, तर निरपराधावर डाग पडणार नाही काय? आक्षेप नोंद आणि निवाडा यांची गल्लत करतो. नोंद म्हणजे ऐकून घेतल्याची कबुली; दोष ठरतो तो पुढे, पुराव्यावर. ऐकण्याआधीच पुरावा मागणे म्हणजे संहिता उघडण्यापूर्वीच तिचे मूल्यमापन करणे होय. दलित आत्मकथनांच्या संदर्भात मराठी समीक्षेच्या एका प्रवाहाने हेच केले होते: ती काय सांगतात हे ऐकण्याआधी ती ‘साहित्य’ आहेत काय, हे विचारले.

या कोंडीतून वाट आहे, आणि ती कायद्यातच सुचविलेली आहे. 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, अत्याचाराची तोंडी माहिती पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने स्वतः लिहून घ्यावयाची, आणि सही घेण्यापूर्वी ती सांगणाऱ्याला वाचून दाखवावयाची असते. म्हणजे लिहिण्याचे ओझे ऐकणाऱ्यावर, आणि आपलेच म्हणणे उतरले आहे की नाही हे पाहण्याचा हक्क सांगणाऱ्याकडे. पोलीस ठाण्यावर घातलेले हे बंधन विभागप्रमुखाने, वसतिगृहाच्या रेक्टरने, मार्गदर्शकाने आपणहून का स्वीकारू नये? विद्यार्थी दारात उभा राहून बोलतो, तेव्हा ‘लिहून आणा’ हे उत्तर नियमाला धरून असेल; नैतिक मात्र नाही. लेखणी त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या हाती असते.