दह्याचं पुन्हा दूध

रथातून आलेल्या मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने विचारलं, यातला रथ कोणता? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. ‘मिलिंदपञ्ह’मधले हे दोघं मराठी वाचकाला परके नाहीत, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाची आणि नागसेनवनाची नावं त्यांच्यावरूनच आली.

नागसेनाचा प्रश्न फ्लो बॅटरीसमोर उभं राहून विचारला तर पंचाईत होते. मोबाइलची बॅटरी हातात धरून दाखवता येते. ही कशी दाखवणार? दोन टाक्यांत द्रव, दोन पंप, मध्ये सेलची चळत आणि प्रत्येक सेलमध्ये पातळ पडदा. ऊर्जा साठते द्रवात, विजेची देवघेव होते चळतीत. चीनमध्ये दालियनला २०२२ साली जोडलेली व्हॅनेडियमची बॅटरी १०० मेगावॉटची, साठा ४०० मेगावॉट-तास. पूर्ण ताकदीने चार तास चालेल. आठ तास हवेत? चळत तेवढीच ठेवून द्रव दुप्पट करा. मग बॅटरी तीच राहिली की दुसरी झाली?

नागसेनाकडे दुधाचाही दाखला होता. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप; तेच म्हणता येत नाही, वेगळंही म्हणता येत नाही. व्हॅनेडियमचीही चार रूपं आहेत: जांभळं, हिरवं, निळं, पिवळं. चार्ज करताना एका टाकीत हिरव्याचं जांभळं होतं, दुसरीत निळ्याचं पिवळं. वीज काढली की सगळं उलट. इथे दह्याचं पुन्हा दूध होतं, तेही हजारो वेळा. नागसेनाला हा दाखला बहुधा पटला नसता. त्याला प्रवाह दाखवायचा होता, परतीची वाट नव्हे.

वाट पूर्ण परतीची नाही, हे प्रयोगशाळेत कळतं. जांभळा द्रव हवेला लागला की हिरवा पडू लागतो, म्हणून त्यावर नायट्रोजन सोडून ठेवायचा. पिवळा चाळीस अंशांपुढे तापत राहिला तर साका धरतो. दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवरचा पोस्टडॉक दर फेरीला किती क्षमता गळली ते नोंदवतो आणि त्यावरून वीस वर्षांचा अंदाज बांधतो. तो खरा ठरेपर्यंत त्याच्या टेबलावर कितवा माणूस बसलेला असेल कोण जाणे.

१९७०च्या दशकात नासाने एका टाकीत लोह, दुसरीत क्रोमियम ठेवून पाहिलं. पडद्यातून झिरपलेलं परकं मूलद्रव्य द्रव नासवायचं. ऐंशीच्या दशकात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडे व्हॅनेडियमच घातलं. झिरपणं थांबलं नाही, पण आता पलीकडून येणारंही घरचंच. दोन्ही द्रव मिसळून पुन्हा निम्मे-निम्मे वाटता येतात. अद्वैतवाद्यांनी मात्र लगेच खूश होऊ नये. दोन्ही टाक्यांतला भेद संपला की व्होल्टेजही संपतं.

काही ठिकाणी आता चळत विकली जाते आणि द्रव भाड्याने दिला जातो. चळत झिजली की बदलायची. मुदत संपली की द्रव मालकाकडे परत, आतलं व्हॅनेडियम शाबूत. आस कुणाची आणि चाकं कुणाची, हे करारात कलमवार लिहिलेलं असतं.