एका दाण्यात किती जीव?

चाकणजवळच्या आमच्या गावी शेताच्या बांधाला कारखान्याची भिंत लागली, तरी उरल्या वावरात आत्या अजून भुईमूग करते. मी चिंचवडला राहते आणि टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत बाटल्या सांभाळते. भुईमुगाच्या एका दाण्यातून आम्ही पुष्कळ रोपं काढू पाहतो, हे ऐकून आळंदीची एकादशी न चुकवणाऱ्या आत्याने विचारलं, "दाण्यात जीव एकच ना गं? मग तू तो वाटतेस कसा?"

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो, की ज्या फांदीला जीव सोडतो ती वाळते. बाटलीत याच्या उलट घडतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात भुईमुगाच्या पक्व दाण्यातली इवली पानं कापून २,४-डी घातलेल्या माध्यमावर ठेवली गेली. शेतात तणनाशक म्हणून मारतात तेच हे रसायन. त्या पानांवर फलनाशिवाय नवे भ्रूण धरले.

अद्वैती म्हणेल, घडा फुटला म्हणून आकाश फुटत नाही. जैन परंपरा एका शरीरात एकच जीव असलेली 'प्रत्येक' वनस्पती आणि अनंत जीव असलेली 'साधारण' वनस्पती, असे दोन प्रकार मानते. पण एकाच पानावरच्या भ्रूणांपैकी काहींचं रोप होतं, काही वेडेवाकडे फुगून तिथेच थांबतात. आकाश सगळ्यांत सारखं, जीवही प्रत्येकात, तर हा भेद कुठून आला?

१९५७ मध्ये स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवलं, की ऑक्झिन आणि सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकांचं प्रमाण बदललं की पेशींच्या त्याच गोळ्याला कधी मुळं फुटतात, कधी कोंब. पानाची पेशी पानच राहते, ती बऱ्याच अंशी शेजारणींनी आवरल्यामुळे. झाडाचं एकपण त्या आवरण्यातून रोज घडत असतं, असं मला वाटतं.

आत्याला म्हटलं, "मी जीव वाटत नाही. पेशींचं जुनं नातं तोडते आणि नवं जुळतंय का ते बघते."

"आणि न जुळलेल्यांचं काय?"

ते आम्ही ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेत घालून टाकून देतो. त्यांच्या पेशी तेव्हा जिवंत असतात, हे मी नाकारत नाही. पण हत्या म्हणायला समोर कुणीतरी एक घडलेलं असावं लागतं, असं मी मानते. आत्याला हे पटत नाही. जिवंत होतं ना, एवढंच ती विचारते.