गाळलेला शेजारी

‘द हाउस आय लिव्ह इन’ हे अमेरिकी गाणे एबेल मीरोपोल यांनी लिहिले, अर्ल रॉबिन्सन यांनी त्याला चाल दिली आणि १९४५ मध्ये फ्रँक सिनात्रा यांच्या आवाजात ते घरोघर पोहोचले. धर्मावरून आणि वंशावरून कुणाला परके ठरवू नका, अशी मागणी करणाऱ्या लोकप्रिय गाण्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे. त्या गाण्याभोवती एक लघुपट उभा राहिला आणि त्या लघुपटाला ऑस्कर मिळाले. ज्यांनी हे सारे घडवले त्यांच्यापैकी एक पुढे तुरुंगात गेला, दुसऱ्याची कामे बंद झाली. मुळात लोकांसमोर जाताना गाण्यातले एक कडवेच वगळले गेले होते. सहिष्णुतेचा संदेश एखाद्या समाजाला कितपत सोसतो, हे पाहायचे तर या गाण्याच्या वाटचालीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

गाण्याचा घाट साधा आहे. देश म्हणजे काय, हे ते विचारते आणि उत्तरादाखल झेंडा, सैन्य किंवा इतिहासातले पराक्रम पुढे करत नाही. गल्ली, वाणी, खाटीक, रस्त्यात भेटणारी माणसे, खेळाच्या मैदानावरची पोरे, शाळा, प्रार्थनाघर, मनातले बोलून दाखवण्याची मुभा अशी रोजच्या जगण्यातली यादी ते वाचत जाते. त्या यादीतच सगळ्या वंशांची आणि सगळ्या धर्मांची माणसे येऊन बसतात. दुसऱ्याला सामावून घेणे हे इथे उपकार म्हणून येत नाही, देशाच्या व्याख्येचा भाग म्हणून येते. गाण्याचे खरे बळ यातच आहे. उपदेश करणारी गाणी पुष्कळ असतात आणि लवकर विसरली जातात. हे गाणे उपदेश करत नाही, ते नुसते आजूबाजूला बोट दाखवते. चालही तशीच आहे, आपल्याकडच्या भावगीतासारखी संथ आणि शब्दांना वाट करून देणारी.

मीरोपोल यांचा जन्म १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. ब्राँक्समधल्याच डविट क्लिंटन हायस्कूलमध्ये ते अनेक वर्षे इंग्रजी शिकवत होते आणि उरलेल्या वेळात कविता आणि गाणी लिहीत होते. ‘ल्युइस अ‍ॅलन’ हे त्यांचे टोपणनाव. जन्मतःच मृत असलेल्या त्यांच्या दोन मुलांची ती नावे होती. १९३० च्या ऑगस्टमध्ये इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावी जमावाने दोन कृष्णवर्णीय तरुणांना झाडाला लटकावून मारले. त्या प्रसंगाचे छायाचित्र पाहून मीरोपोल अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक कविता लिहिली. ती १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. तीच कविता पुढे ‘स्ट्रेंज फ्रूट’ या नावाने बिली हॉलिडे यांनी गायली आणि १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केली. झुंडबळीवर लिहिलेले ते अंगावर काटा आणणारे गाणे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर माया करणारे हे गाणे, दोन्ही एकाच शिक्षकाच्या लेखणीतून उतरली. पहिले ठाऊक असले की दुसऱ्याच्या गोडव्याकडे भाबडेपणा म्हणून पाहता येत नाही. देश काय करू शकतो हे पुरते ओळखून असलेल्या माणसाने, देश कसा असायला हवा ते सांगितले आहे.

अर्ल रॉबिन्सन सिअ‍ॅटलचे, १९१० साली जन्मलेले. कामगार चळवळीतले ‘जो हिल’ हे गाणे आणि ‘बॅलड फॉर अमेरिकन्स’ ही दीर्घ गायनरचना यांमुळे त्यांचे नाव झाले होते. दुसरी रचना कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांनी १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये सीबीएस रेडिओवर गायली, तेव्हा ती देशभर ऐकली गेली. रॉबिन्सन आणि मीरोपोल दोघेही डाव्या विचारांचे होते. ‘द हाउस आय लिव्ह इन’ महायुद्धाच्या काळात तयार झाले. १९४४ च्या ‘फॉलो द बॉइज’ या चित्रपटात ते डेल्टा ऱ्हिदम बॉइज या कृष्णवर्णीय गायकवृंदाने गायले, पण त्याचा गाजावाजा झाला नाही.

तो काळ अमेरिकेत घरातल्या वैराचाही होता. हिटलरविरुद्ध लढणाऱ्या या देशाचे सैन्य गोरे आणि काळे असे विभागलेले होते. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० रहिवाशांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले होते. १९४३ च्या जूनमध्ये डेट्रॉइटला वांशिक दंगल पेटली. त्यात ३४ माणसे मेली, त्यांतली २५ कृष्णवर्णीय होती. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये ज्यू मुलांना रस्त्यात गाठून टोळकी बडवत होती. युद्ध संपत आले तेव्हा हा प्रश्न निदान पडद्यावर तरी मांडावा, असे हॉलिवूडमधल्या काही जणांना वाटू लागले.

सिनात्रा तेव्हा २९ वर्षांचे होते आणि त्यांच्या मागे तरुण मुलींची झुंबड उडत होती. न्यू जर्सीतल्या होबोकनमध्ये इटालियन स्थलांतरितांच्या घरात ते वाढले. इटालियन म्हणून होणारी हेटाळणी त्यांनी लहानपणी सोसली होती. वंशद्वेषाविरुद्ध ते जाहीरपणे बोलत आणि शाळांमध्ये जाऊन मुलांसमोर भाषणे करत. दिग्दर्शक मर्विन लरॉय, निर्माते फ्रँक रॉस आणि पटकथाकार अल्बर्ट माल्ट्झ यांच्यासोबत त्यांनी सुमारे दहा मिनिटांचा लघुपट केला. तो आरकेओने वितरित केला. गाण्याचेच नाव लघुपटाला दिले. १९४५ च्याच ऑगस्टमध्ये सिनात्रांनी कोलंबिया कंपनीसाठी गाण्याची ध्वनिमुद्रिकाही केली. वाद्यवृंद अ‍ॅक्सेल स्टॉरडाल यांचा होता.

लघुपटात सिनात्रा सिनात्राच आहेत. ध्वनिमुद्रण चालू असताना ते सिगारेट ओढायला मागच्या गल्लीत येतात, तो दहाबारा पोरांनी एका मुलाला भिंतीशी कोंडलेले असते. का, तर त्याचा धर्म वेगळा. आम्हाला तो आमच्या शाळेत नको, गल्लीत नको, असे पोरे सांगतात. सिनात्रा त्यांना रागावत नाहीत. धर्मावरून भेद करणे हे नाझींचे किंवा मूर्खांचे काम, असे सांगून ते पोरांना बोलते करतात. एका मुलाच्या वडिलांना युद्धात जखमी झाल्यावर रक्तद्रव द्यावा लागला होता. कोंडलेल्या मुलाच्या आईवडिलांनी रक्तदान केलेले असते. कदाचित त्याच रक्ताने तुझा बाप वाचला असेल, हा मुद्दा पोरांच्या गळी उतरतो. मग ते एका बॉम्बफेकी विमानाची गोष्ट सांगतात: वैमानिक कॉलिन केली प्रेस्बिटेरियन, बॉम्ब टाकणारा मेयर लेव्हिन ज्यू, आणि दोघांनी मिळून ‘हारुना’ ही जपानी युद्धनौका बुडवली. धर्म वेगळा म्हणून लेव्हिनने बॉम्ब टाकायचा नव्हता का, असे ते विचारतात. त्यानंतर गाणे होते आणि पोरे त्या मुलाला आपल्याबरोबर घेऊन जातात. प्रसंग बेतलेला आहे, हे लपत नाही. तरीही सिनात्रांचा स्वर इतका सहज आहे की आज पाहतानाही तो खोटा वाटत नाही.

पण या दहा मिनिटांकडे बारकाईने पाहिले तर सहिष्णुतेची कुंपणेही दिसतात. गल्लीतली सगळी पोरे गोरी आहेत. जपान्यांसाठी त्या काळी प्रचलित असलेला तुच्छतादर्शक शब्द बिनदिक्कत वापरला आहे. ज्यू मुलाला सामावून घेताना दुसऱ्या एका समाजाला बाहेर ठेवले आहे. रक्ताचे रक्ताशी नाते सांगितले जाते, पण त्याच वर्षांत अमेरिकी रेडक्रॉस गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रक्त वेगवेगळे ठेवत होती. ती पद्धत १९५० पर्यंत चालली. ‘हारुना’ची गोष्टही खरी नव्हती. १९४१ च्या डिसेंबरमध्ये केली यांनी हल्ला केला तेव्हा ती नौका त्या भागात नव्हतीच. ती बुडाली ती १९४५ च्या जुलैमध्ये, जपानच्या कुरे बंदरात. केली आणि लेव्हिन यांचे शौर्य खरे होते. दोघेही युद्धात कामी आले.

सर्वांत मोठी काटछाट खुद्द गाण्यात झाली. मीरोपोल यांच्या मूळ शब्दांत घराच्या शेजारी गोरेही राहतात आणि काळेही राहतात, असे स्पष्ट म्हटले होते. लघुपटात ते कडवे नाही. सगळ्या वंशांचा आणि धर्मांचा मोघम उल्लेख राहिला. काळा शेजारी मात्र गेला. सर्व माणसे समान आहेत, हे मान्य करायला कुणाचे काही जात नाही. आपल्या जिन्यावर, आपल्या भिंतीपलीकडे कोण राहील, हा प्रश्न निघाला की माणसे गप्प होतात. अमेरिकेत तर घरखरेदीच्या करारांतच काळ्यांना घर न विकण्याच्या अटी घातल्या जात, आणि न्यायालये त्या पाळायला लावत. सर्वोच्च न्यायालयाने ते १९४८ मध्ये थांबवले. म्हणजे नेमका जो शब्द बोचणारा होता, तोच काढला गेला. मीरोपोल यांनी लघुपट चित्रपटगृहात पाहिला तेव्हा ते संतापून ओरडू लागले आणि त्यांना बाहेर काढावे लागले, अशी हकिकत त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितली आहे. त्यांचा संताप रास्त होता. शेजारी वगळल्यावर घराचे गाणे अर्धेच उरते.

सिनात्रा मात्र पडद्यावर थांबले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादनगरीत फ्रोबेल हायस्कूलच्या गोऱ्या विद्यार्थ्यांनी, आपल्या शाळेत काळी मुले नकोत म्हणून, सप्टेंबर १९४५ पासून शाळेवर बहिष्कार टाकला होता. १ नोव्हेंबरला सिनात्रा तिथे गेले, हजारो मुलांसमोर बोलले आणि हेच गाणे गायले. तेवढ्याने बहिष्कार मिटला नाही. गाण्याने दंगल शमल्याच्या कथा ऐकायला बऱ्या वाटतात. गॅरीत तसे झाले नाही. शाळांमधील वर्णभेद संपवण्याचे धोरण तिथल्या शिक्षण मंडळाने पुढच्या वर्षी स्वीकारले, आणि त्यामागे स्थानिक नागरिकांचा आणि संघटनांचा रेटा होता. मात्र त्या काळी कारकिर्दीच्या शिखरावर असलेला दुसरा कुठला गोरा गायक अशा जागी जाऊन उभा राहिला असता, असे वाटत नाही.

१९४६ मध्ये या लघुपटाला विशेष ऑस्कर आणि विशेष गोल्डन ग्लोब मिळाले. ऑस्करच्या नोंदीतच त्याला ‘सहिष्णुतेवरचा लघुपट’ म्हटले आहे. पुढच्याच वर्षी वारे फिरले. प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे, कम्युनिस्ट आहात का या प्रश्नाला उत्तर नाकारणाऱ्या ‘हॉलिवूडच्या दहा’ जणांत अल्बर्ट माल्ट्झ होते. १९५० मध्ये ते तुरुंगात गेले. रॉबिन्सन यांचे नाव काळ्या यादीत आले आणि त्यांनी काही वर्षे न्यूयॉर्कच्या एका शाळेत संगीत शिकवले. १९५३ च्या जूनमध्ये हेरगिरीच्या खटल्यात ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग यांना मृत्युदंड दिला गेला. त्यांच्या दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुलांना आपल्या घरी नेण्याची हिंमत मीरोपोल पतिपत्नींनी दाखवली. ती मुले मायकेल आणि रॉबर्ट मीरोपोल म्हणून वाढली. गाण्यात लिहिलेला शेजारधर्म लेखकाने घरात पाळला. सिनात्रांनी १९६० मध्ये माल्ट्झ यांना पटकथेचे काम दिले, पण वृत्तपत्रांनी काहूर माजवल्यावर ते मागे हटले. ठरलेले पैसे मात्र त्यांनी चुकते केले.

हे गाणे पॉल रोबसन यांनीही गायले. अमेरिकी सरकारने १९५० मध्ये त्यांचा पासपोर्ट काढून घेतला आणि त्यांना आठ वर्षे देशाबाहेर जाऊ दिले नाही. १९५८ मध्ये त्यांच्या साठीनिमित्त भारतात जी समिती स्थापन झाली, तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते आणि पंडित नेहरूंचा तिला उघड पाठिंबा होता. स्वतःच्या देशात ज्याला सभागृहे मिळेनात, त्याचा सत्कार मुंबईच्या न्यायमूर्तींनी मनावर घेतला.

रॉबिन्सन यांच्या दुसऱ्या गाण्याच्या नशिबीही काटछाट आली. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला. त्यानंतर डेव्हिड आर्किन यांच्या शब्दांवर रॉबिन्सन यांनी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ रचले. काळी शाई आणि पांढरा कागद एकत्र आले की मूल वाचायला शिकते, अशी त्याची कल्पना आहे. पीट सीगर यांनी ते १९५६ मध्ये गायले. १९७२ मध्ये ‘थ्री डॉग नाइट’ या गटाने ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले, पण त्यांच्या गाण्यात न्यायाधीशांचा आणि बंद शाळेचा उल्लेख करणारे कडवे नाही. ते वगळल्यावर गाणे आनंदी झाले आणि कोणत्या अन्यायाविरुद्ध ते लिहिले होते याचा पत्ताच उरला नाही.

सिनात्रा ‘द हाउस आय लिव्ह इन’ शेवटपर्यंत गात राहिले, पण त्याचा अर्थ हळूहळू पालटला. रूझवेल्ट यांचा हा समर्थक पुढे निक्सन आणि रेगन यांच्या बाजूला गेला. १९७३ मध्ये त्यांनी ते निक्सन यांच्या व्हाइट हाउसमध्ये गायले. जुलै १९८६ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दी सोहळ्यात, रेगन यांच्यासमोर, तेच गाणे राष्ट्रप्रेमाचे गीत म्हणून दुमदुमले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मीरोपोल वारले. १९९४ च्या ‘ड्युएट्स टू’ या संग्रहात सिनात्रा आणि नील डायमंड यांनी ते मिळून गायले. २००७ मध्ये लघुपटाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला.

देशभक्तीचे गीत म्हणून ते गायला हरकत नाही. त्यात देशाबद्दलचे प्रेम खरेच आहे. पण काळ्या शेजाऱ्यासकट लिहिलेले शब्द हेच मूळ गाणे आहे, आणि यापुढे जो कुणी ते गाईल त्याने पूर्ण गावे.