रेषा उमटल्यानंतर

घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू एकदा अंगात शिरला की मरेपर्यंत जात नाही. तो एचआयव्हीच्याच कुळातला. १९०४ साली फ्रान्समध्ये व्हाले आणि कारे या संशोधकांनी दाखवून दिले, की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचे कारण पार होते. ताप येतो, ओसरतो आणि पुढे घोडी वर्षानुवर्षे ठणठणीत दिसू शकते. पण चावऱ्या माशीच्या सोंडेवरून किंवा एकाच सुईवरून तिचे रक्त शेजारच्या घोड्यात जाते. उपचार नाही. हा रोग शोधणाऱ्या कॉगिन्स रक्तचाचणीत जेलमध्ये पांढरी रेषा उमटली की अहवालावर माझी सही होते आणि वीटभट्टीवरच्या एखाद्या घरातले एकमेव कमावते जनावर दयामरणाकडे जाते.

आमचे कुलदैवत खंडोबा. त्याच्या घोड्यापुढे हात जोडणाऱ्याने धडधाकट दिसणारी घोडी मारायला सांगावी का? अहिंसेचा सोपा अर्थ नको म्हणतो. मला तो पटत नाही. सही टाळल्याने माशी थांबत नाही, आणि पुढे मरणाऱ्या घोड्यांची हिंसा माझ्याकडेच येते. पण एकाच्या बदल्यात दहा वाचले, असा हिशेब मांडून मोकळे होणेही मला मान्य नाही. महाभारतातल्या द्रोणपर्वात भर युद्धात श्रीकृष्ण रथाचे घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना पाणी पाजतो. ज्याला जुंपले त्याचे आपण देणे लागतो, हे मी तिथून घेतले. म्हणून चाचणी पुन्हा करायची, घोडीला वेदना होऊ द्यायच्या नाहीत, मालकाला समोर बसून सांगायचे आणि भरपाईसाठी त्याच्या बाजूने उभे राहायचे.

घोडेवाल्यांनो, एका जनावराची सुई दुसऱ्याला कधीही टोचू देऊ नका.