खरा स्नेह कोणता?

साक्री तालुक्यातील शेतकरी कांदा किंवा बाजरी घेऊन बाजारी जातो, तेव्हा व्यापारी त्यास 'काका' म्हणून हाक मारितो व चहा पाजितो. हा स्नेह खरा की लाभापुरता, हे कशावरून ओळखावे?

पूर्वी पुष्कळ बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. मालाच्या धन्यास तो कळत नसे. १९३९ साली मुंबई इलाख्यात व १९६३ साली महाराष्ट्रात शेतमालाच्या बाजारांविषयी कायदे झाले, आणि उघड लिलावाची रीत दृढ होत गेली. तराजूवर कायद्याची नजर राहू शकते. मनावर राहत नाही.

आमच्या मते कसोटी एकच आहे. जी गोष्ट सांगितल्याने आपलेच नुकसान होईल, ती जो आपण होऊन सांगतो, तो खरा स्नेही होय. "हे बी तुमच्या जमिनीस योग्य नाही, घेऊ नका," असे म्हणणारा दुकानदार आजची विक्री गमावितो, परंतु गिऱ्हाइकाची गरज आपली मानितो.

हीच कसोटी आपणांसही लागू आहे. गोणीत वर निवडक व तळाशी सडका कांदा भरणाऱ्याने व्यापाऱ्यास लबाड कोणत्या तोंडाने म्हणावे? प्रिय वाचकहो, आपल्या मालाचा दोष आपणच आधी सांगावा. त्या दिवशी भाव कमी मिळेल. परंतु आपला शब्द खरा राहील.