तुळशीपत्राखाली काय वाढलंय?

पेलाभर पाण्यात अर्धा चमचा गवार गम टाकून घुसळा. पाच-दहा मिनिटांत पाण्याची पेज होते, चमचा जड लागतो. आपण जिची भाजी करतो त्याच गवारीच्या बीचा हा दळलेला गर. जमिनीच्या पोटातला खडक पाण्याच्या दाबाने फोडून तेल काढताना, फटी मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. ती वाहून न्यायला असंच दाट पाणी लागतं. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. अमेरिकेतल्या अशा तेलविहिरींच्या मागणीने २०१२ साली भाव असे भडकले की मार्चमध्ये गवारीचे वायदे बंद करावे लागले.

डिंक झाडाचा, म्हणून काम हिरवं, असा हिशेब हल्ली मांडला जातो. डिंकाबद्दल माझी तक्रार नाही. तो आइस्क्रीममध्येही असतो. पण तोच पेला उन्हाळ्यात दोन-तीन दिवस ओट्यावर राहू द्या. वास मारतो, पेज पातळ होते. जिवाणूंना तो आयता खाऊच! म्हणून विहिरीच्या पाण्यात ग्लुटाराल्डिहाइडसारखं जंतुनाशक घालतात, इस्पितळात अवजारं निर्जंतुक करायला वापरतात ते. दाटपणा वाढवायला बोरेट, काम झाल्यावर तो मोडायला पर्सल्फेट. झाडाच्या डिंकाची राखण शेवटी विषानेच करायची.

नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवलं की ताटात काय वाढलंय, हे आपण पाहत नाही. इथेही तेच चाललंय.

सगळंच ढोंग आहे, असं नाही. उत्तर समुद्रात तेलविहिरी खोदताना वापरायच्या चिखलात पूर्वी डिझेलसारखं खनिज तेल असे आणि तो लागलेला खडकाचा चुरा तळाशी साचे. १९९०च्या दशकात काही ठिकाणी त्याऐवजी वनस्पती तेलापासून केलेली एस्टर आली. तिथे विष खरोखर उतरलं. अर्थात, विहिरीतून वर आलं ते तेलच.

तेव्हा हिरवं म्हणवणाऱ्याने आधी रसायनांची सगळी यादी उघडी करावी, एवढं मागण्यात वावगं काय? अमेरिकेत २००५च्या ऊर्जा कायद्याने ही खडकफोड, डिझेलचा अपवाद सोडता, पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण कायद्यातून वगळली. पुढे कंपन्या याद्या देऊ लागल्या. त्यांत गवार गमचं नाव स्वच्छ वाचता येतं. कित्येक याद्यांत पुढच्या एखाद्या ओळीत रसायनाच्या नावाच्या जागी फक्त ‘व्यापारी गुपित’ लिहिलेलं असतं.